ठरावीक वेळीच थरथरणारा कूलर: मोटर बदलण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं सांगतो. तुमच्या घरचं यात बसतंय का बघा.

कूलर सुरू केला की पहिले काही सेकंद सगळा सांगाडा हादरतो, मग शांत होतो. बंद केला की थांबता थांबता पुन्हा एकदा जोरात हादरतो. दोन नंबरवर खिडकीची काच वाजते, तीनवर वाजत नाही. टाकी भरलेली असेपर्यंत सगळं ठीक असतं, पण पहाटे पाणी तळाला गेलं की स्टँड फरशीवर सरकायला लागतो. किंवा रात्री आठच्या सुमारास थरथर सुरू होते आणि अकराला आपोआप थांबते. हे सगळं होताना मोटर जास्त तापत नाही, जळका वास येत नाही, हवाही नेहमीसारखीच लागते.

अमळनेर आणि आसपासच्या गावांत मी गेले बावीस उन्हाळे लोखंडी पत्र्याचे कूलर दुरुस्त करतो. एप्रिल लागला की फोन सुरू होतात, "भाऊ, कूलर भलता थरथरस." त्यातल्या निम्म्या घरांत मी पोहोचायच्या आधीच कुणीतरी मोटर बदलायला सांगितलेलं असतं. काही ठिकाणी बदललेलीही असते आणि कूलर तसाच थरथरत असतो. मला त्या पैशांचं फार वाईट वाटतं. वर सांगितलेल्या लक्षणांत एक गोष्ट सारखी आहे: थरथर सतत नाही, ठरावीक वेगाला, ठरावीक पाण्याला किंवा ठरावीक वेळेला आहे. मोटर बिघडलेली असती तर तिने वेळ बघितली नसती.

हे होतं का

आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसतात, ते आठवा. दोर चार मीटरचा असेल तर एक पूर्ण हेलकावा साधारण चार सेकंदांचा होतो. मागून ढकलणारी काही पैलवान नसते. झोका मागे येऊन वळायच्या क्षणी ती नुसता हात लावते, आणि पाच-सात वेळा तसं झालं की झोका चांगला उंच जातो. तीच मुलगी भलत्याच वेळी दुप्पट जोराने ढकलेल तर झोका अडखळतो. म्हणजे जोर महत्त्वाचा नाही, ठेका जुळणं महत्त्वाचं आहे.

कूलरच्या स्टँडला, पत्र्याला, जाळीला, खिडकीच्या गजांना असा प्रत्येकाचा स्वतःचा ठेका असतो. वस्तू जितकी ताठ तितका तो जलद, जितकी जड तितका संथ. पंख्याचं पातं जरासं जड-हलकं असलं की प्रत्येक फेरीला एक धक्का बसतो. आपल्याकडच्या 18 इंची पंख्याची मोटर मिनिटाला साधारण 1400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 23 धक्के. 24 इंची पंखा सावकाश, 900 च्या आसपास फिरतो, त्याचे सेकंदाला 15. हे धक्के एखाद्या भागाच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळले की तो भाग झोक्यासारखा चढत जातो. शाळेच्या पुस्तकात याला अनुनाद म्हणतात.

मग झोका कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत का जात नाही? कारण दोर फांदीवर घासतो, हवा अडवते, प्रत्येक हेलकाव्यात थोडी ताकद खर्च होते. ते खर्च होणं म्हणजे अवमंदन. कूलरमध्ये हे काम रबर, लाकूड, वाळा, घट्ट दाबून बसलेले सांधे करतात. कोरा पत्रा मात्र जवळजवळ काहीच खात नाही. पातेल्यावर चमचा मारला की ते बराच वेळ घुमतं आणि बोट टेकवलं की गप्प होतं, तसंच हे.

तेव्हा उपाय तीनच प्रकारचे आहेत: धक्का कमी करा, ठेका बदला, नाहीतर ताकद खाणारं काहीतरी मध्ये घाला. पुढच्या सगळ्या तपासण्या याच तीन कामांसाठी आहेत. क्रम फुकटपासून खर्चिकापर्यंत ठेवला आहे, तो मोडू नका.

त्याआधी एक

कुठेही हात लावण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रलला असतं आणि बटण बंद असूनही आत करंट राहतो. लोखंडी पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय हे सगळं एकत्र आलं की माणूस जातो. खान्देशात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. टाकीत पाणी भरतानाही प्लग काढलेलाच असू द्या. आणि कूलरला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील तर हा लेख इथेच सोडून वायरमनला बोलवा. थरथर नंतर बघू.

पहिली तपासणी: बंद करून नुसतं ऐका

याला एक रुपयाही लागत नाही, आणि अर्धं उत्तर इथेच मिळतं. कूलर पूर्ण वेगात चालू द्या, बटण बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत जवळ उभे राहून ऐका.

बटण दाबता क्षणी आवाज तुटला, पंखा अजून फिरतोय तरी: तो विजेचा गुणगुणाट आहे. आपली वीज सेकंदाला 50 फेरे घेते आणि लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढलं जातं, म्हणून हा गुणगुणाट 100 च्या ठेक्याचा असतो. तो मोटरचा नाहीतर पाण्याच्या पंपाचा. पंपाचं बटण वेगळं असेल तर फक्त पंप बंद करून बघा. बरेचदा पंप टाकीच्या भिंतीला टेकलेला असतो आणि अख्खी टाकी ढोलासारखी वाजते. प्लग काढून पंप जरा मध्ये सरकवा, खाली रबराचा तुकडा ठेवा. काम झालं.

आवाज पंख्याच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला: पातं असमतोल आहे. चौथ्या तपासणीवर जा.

आवाज आधी कमी झाला, मग मधेच एकदा धडधडून वाढला, मग थांबला: हा खरा अनुनाद. थांबताना पंख्याचा वेग ज्या क्षणी सांगाड्याच्या ठेक्याशी जुळला, त्या क्षणी ती धडधड झाली. पूर्ण वेगाला जर कूलर शांत असेल तर याने घाबरायचं कारण नाही. सुरू होताना नि थांबताना एक-दोन सेकंद हादरणं चालतं. पण सुरू होताना ते आठ-दहा सेकंद टिकत असेल तर पंखा वेग घ्यायला उशीर लावतोय. याबद्दल पुढे कंडेन्सरच्या (मोटरला सुरू व्हायला मदत करणाऱ्या भागाच्या) ठिकाणी बोलतो.

दुसरी: वेग, पाणी, पाय, गज

वेगाचा खटका बदलून बघा. फक्त दोन नंबरवरच त्रास असेल तर एक किंवा तीनवर चालवणं हा पूर्ण उपाय आहे, जुगाड नव्हे. ठेका जुळला नाही की प्रश्न उरत नाही.

पाणी भरून आणि रिकामं करून, दोन्ही वेळा ऐका. ढोबळ हिशेब असा: सांगाडा 25 किलोचा आणि टाकी 60 लिटरची असेल तर भरलेला कूलर 85 किलो, रिकामा 25. वजन चौपट झालं की ठेका निम्मा होतो, या हिशेबाने भरल्या आणि रिकाम्या कूलरच्या ठेक्यात पावणेदोन पटीहून जास्त फरक पडतो. रात्रभर पाणी उतरत जातं तसा तो ठेका चढत जातो, आणि मध्येच कुठेतरी पंख्याच्या वेगाला येऊन मिळतो. पहाटे चारला उठवणारा कूलर हाच. फ्लोट व्हॉल्व (टाकी ठरलेल्या पातळीला भरली की पाणी आपोआप बंद करणारी तोटी) लावून पाण्याची पातळी एकसारखी ठेवली की बऱ्याच घरांत एवढ्यावर भागतं.

पाय बघा. चारही टेकलेत का? कोपऱ्यावर तळहाताने दाबा, कूलर डुलला तर एक पाय अधांतरी आहे. शहाबादी फरशीवर हे फार होतं. त्या पायाखाली लाकडाची पाचर ठोका. दुमडलेला पुठ्ठा ठेवू नका, दोन दिवसांत ओला होऊन चेपतो.

मग कूलर आणि खिडकी यांच्यात बोटभर जागा आहे का बघा. कूलर गजांना टेकला की गज, चौकट, काच सगळे त्याच्या तालावर येतात. हवा आत जाण्यासाठी जी फट बुजवायची ती जुन्या गोधडीच्या तुकड्याने किंवा फोमने बुजवा, पत्र्याने पत्र्याला भिडवू नका.

तिसरी: लाकडी फळी

कूलर चालू असताना पत्र्याला हात लावायचा नाही, म्हणून मी सुक्या लाकडी फळीचा तुकडा वापरतो. वीतभर लांब, चार बोटं रुंद. पायात रबरी चप्पल, जमीन कोरडी. डाव्या बाजूचा पत्रा फळीने दाबायचा, मग उजव्या बाजूचा, मग पुढची जाळी, मग स्टँडची आडवी पट्टी. जिथे दाबल्यावर आवाज मरतो तो भाग अपराधी.

गेल्या वैशाखात पारोळ्याकडच्या एका घरी मी असाच फळी घेऊन फिरत होतो. तिथल्या माय म्हणाल्या, "पोरा, मोटर तर आत शे, तू बाहेरून काय दाबी ऱ्हायना?" मागच्या पत्र्यावर फळी टेकवली आणि घर एकदम शांत झालं. वाळ्याची ताटी धरून ठेवणारा एक हूक गंजून तुटला होता. तो पत्रा एका बाजूने मोकळा होऊन झांजेसारखा वाजत होता. बारीक तारेचे तीन वेढे दिले आणि निघालो. त्यांच्याकडून पैसे घ्यायला हात धजेना.

सापडलेल्या भागाचे नट-बोल्ट प्लग काढून आवळा. सुटा बोल्ट दोन प्रकारे त्रास देतो: भागाचा ताठपणा कमी करून ठेका खाली आणतो आणि वर स्वतः खडखडतो. वायसर गेलेले असतील तर स्प्रिंग वायसर टाका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

चौथी: पातं

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, हे तव्यावर उडालेला थेंब वाळल्यावर कळतं. तोच पांढरा थर दोन-तीन उन्हाळ्यांत पात्यांवर चढतो, आणि तिन्ही पात्यांवर सारखा कधीच चढत नाही. एका पात्याच्या टोकाकडे, मधल्या दांड्यापासून 20 सेंटीमीटरवर, फक्त 10 ग्रॅम थर जास्त असेल, तर 1400 फेऱ्यांना तो दांड्याला सुमारे साडेचार किलो वजनाइतका ओढतो. तेही एका दिशेने नाही, सेकंदाला 23 वेळा गोल फिरत. तोच थर 900 फेऱ्यांना पावणेदोन किलोच्या आसपास ओढतो, कारण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. दोन चमचे क्षाराला कमी समजू नका.

प्लग काढा, पुढची जाळी उतरवा. मोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. लिंबाचं पाणी किंवा पातळ केलेलं व्हिनेगर फडक्याने पात्यांना लावून अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. चाकूने किंवा पटाशीने खरवडू नका. पातं वाकलं तर नवा असमतोल तुम्हीच तयार केला.

पुसून झालं की पंखा बोटाने हळूच फिरवून सोडा. असं सहा-सात वेळा करा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. त्यावर अजून थर आहे का बघा. मग एक काडी फ्रेमला टेकवून धरा आणि प्रत्येक पात्याचं टोक तिच्यासमोरून न्या. एखादं पातं बाकीच्यांपेक्षा पुढे-मागे जात असेल तर ते वाकलं आहे. थोडं वाकलेलं हाताने सरळ होतं. पण मुळाशी चीर दिसली तर तो पंखा पुन्हा लावायचा नाही. 1400 फेऱ्यांना सुटलेलं पातं जाळी फाडून बाहेर येऊ शकतं.

पाचवी: रबर आणि डांबर

मोटरच्या पायांखाली रबरी वायसर असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात चार उन्हाळे काढलेलं रबर दगड होतं. नखाने दाबून बघा. खड्डा पडत नसेल तर बदला; किरकोळ खर्च आहे. स्टँडच्या पायांखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन थर घाला.

इथे एक चूक मी वारंवार बघतो. लोक म्हणतात, मऊ ते चांगलं, आणि गादीचा जाड फोम कूलरखाली घालतात. मऊ आधाराने सांगाड्याचा ठेका खाली जातो. पंख्याचा वेग त्या ठेक्याच्या 1.4 पटीहून जास्त असेल तरच आधार धक्के अडवतो. त्याच्या खाली तो धक्के उलट वाढवतो. म्हणून फोमवरचा कूलर तीन नंबरवर छान चालतो आणि एक नंबरवर डुलायला लागतो. शिवाय फोम पाणी धरतो आणि स्टँडचे पाय एका पावसाळ्यात गंजून जातात. ट्यूबचं रबर बरं, कारण ते थोडंच दबतं आणि ताकदही खातं.

मोठा सपाट पत्रा घुमत असेल तर कारच्या दरवाजात आतून चिकटवतात ती डांबरी शीट पत्र्याच्या मधोमध, बाहेरच्या कोरड्या बाजूला चिकटवा. अख्खा पत्रा झाकायची गरज नाही, कारण कडा बोल्टने धरलेल्या असतात आणि सगळ्यात जास्त हलतं ते मधलं. पत्रा वाजवून बघा: आधी टणण, नंतर नुसतं ठक.

सहावी: स्टँडला तिरपी पट्टी

रात्री आठ ते अकरा थरथरणारा कूलर मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला दोन खेपा घालाव्या लागल्या. तापीकाठचं गाव, घरधनी जिभाऊ स्वतः शेतीपंपाची कामं करणारे. मोटर नवी, पातं स्वच्छ, पाणी भरलेलं. दुपारी गेलो तर कूलर गप्प. मग रात्री जेवूनच गेलो. साडेआठला स्टँडचे वरचे कोपरे बोटभर डावी-उजवीकडे हलत होते. मीटरवर बघितलं तर व्होल्टेज 170 च्या घरात. गावात सगळे पंखे-कूलर एकदम सुरू झाल्यावर व्होल्टेज पडतं, मोटर थोडी सावकाश फिरते, आणि तो सावकाश वेग नेमका त्या उंच, सडपातळ स्टँडच्या ठेक्याला जाऊन भिडत होता.

मी मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी बोल्टने बसवली. रात्रीची थरथर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जिभाऊंचा फोन: आता दिवसा थरथरतो! चूक माझी होती. पट्टीने स्टँड ताठ झाला, ठेका वर चढला, पण जेमतेम पूर्ण व्होल्टेजच्या वेगापर्यंतच चढला. थोडी बळकटी दिली की त्रास जात नाही, नुसता सरकतो. दोन्ही बाजूंना अजून एकेक पट्टी टाकली तेव्हा ठेका सगळ्या वेगांच्या वर निघून गेला. तेव्हापासून तिथे शांत आहे.

म्हणून पट्टी मारायचीच तर तीन बाजूंना मारा, आणि तिरपी मारा. आडवी पट्टी चौकोनाला चौकोनच ठेवते आणि चौकोन कलंडतो. तिरपीने त्रिकोण होतो, तो कलंडत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

इथपर्यंत येऊनही फरक पडला नाही तर पुढचं काम घरी करायचं नाही.

प्लग काढून पंख्याचा दांडा धरा आणि वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बुश किंवा बेअरिंग गेलं आहे. दांडा वाकलेला असेल, फिरवताना घर्र-घर्र लागत असेल, तेही तेच. हे वाइंडिंगवाल्याचं काम.

पंखा वेग घ्यायला उशीर लावत असेल, किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर कंडेन्सर कमजोर झालेला असण्याची शक्यता जास्त. वस्तू स्वस्त आहे, पण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. वायरमनकडून बदलून घ्या, आणि तेच रेटिंग आहे ना विचारा.

जळका वास, ठिणगी, मोटरला हात ठेववत नाही इतकी गरम, पत्र्याला झिणझिण्या: लगेच बंद, प्लग बाहेर, वायरमन. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

आणि कूलर वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर असेल, तर वेल्डिंगजवळची गंजाची रेघ किंवा भिंतीत सैल झालेला बोल्ट दिसताच टाकी रिकामी करा. 85 किलो वजन महिनोन्महिने हादरत राहिलं की वेल्डिंगची चीर वाढत जाते, आणि खाली गल्लीत लेकरं खेळत असतात. फॅब्रिकेटर येईपर्यंत तो कूलर चालवायचा नाही, अगदी एका रात्रीपुरताही.

कुणालाही फोन कराल तेव्हा नुसतं "थरथरतो" म्हणू नका. कितव्या नंबरवर, टाकीत किती पाणी असताना, दिवसा की रात्री, आणि बटण बंद केल्यावर आवाज कसा थांबला, या चार गोष्टी सांगा. मला हे चार कळले की बहुतेक वेळा पिशवीत नवी मोटर घालून निघावं लागत नाही, पाना आणि ट्यूबचा तुकडा पुरतो.